तुफानला वारा लागू नये म्हणून

माझ्या दवाखान्यात दोन गोष्टी रोज झाडून काढाव्या लागतात. मांजरांचे केस आणि माणसांचे किस्से. केस निदान सुपलीत तरी येतात. किस्से कोपऱ्यात साठत राहतात, आणि तुमच्यासारखं कोणी चहाला आलं की एकदम बाहेर पडतात. आज वारज्याच्या घोड्याचा ऐका. आधीच सांगते, मी चिडून सांगणार आहे. वर्ष होऊन गेलं तरी माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

कोथरूडला माझा दवाखाना. कुत्री, मांजरं, मधूनच एखादा पोपट. पण मी घोड्यांचं खास शिक्षण घेतलेलं, त्यामुळे वारज्याच्या टोकाला एक घोडेस्वारी क्लब आहे, तिथले पाच घोडे माझ्याकडे असतात. त्यातला एक तुफान. नाव तुफान, चाल पेन्शनरची! कोथरूडच्या कितीतरी पोरांनी पहिली रपेट त्याच्याच पाठीवर केली आणि आजवर एकालाही त्यानं पाडलं नाही. घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबला असा घोडा नशिबानं मिळतो.

*

क्लबचे सेक्रेटरी पेंडसे. बँकेतून रिटायर झाले, पण बँक काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. एका सकाळी त्यांचा फोन.

"मॅडम, तुफानला जरा सर्दी झालीय. इथवर येऊ नका, फोनवरच काहीतरी सांगा."

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता!

मी स्कूटर काढली आणि गेले. तुफान नुसता उभा होता, पण बघणाऱ्याला वाटावं आत्ताच चार मैल पळून आलाय. नाकपुड्या फेंदारलेल्या. श्वास सोडताना पोट आत ओढलं जात होतं आणि कुशीवर एक खोल रेघ उमटत होती. ताप नव्हता. सुदाम त्याला धरून उभा होता. सुदाम म्हणजे क्लबचा सईस, पाचही घोड्यांचं खाणं-पिणं, खरारा सगळं त्याच्याकडे. मूळचा यवतमाळकडचा, पन्नाशीचा, बोलणं मोजकं.

"पह्यले पत्र्याच्या शेडात होता जी, तवा बरा होता," एवढंच तो म्हणाला.

आता खोली बघा. दिवाळीत क्लबला एक देणगी मिळाली होती. सदाशिव पेठेतले गद्रेकाका, निवृत्त इंजिनिअर, त्यांची नात इथे शिकते. त्यांनी तुफानसाठी स्वतः उभं राहून पक्की खोली बांधून दिली. खांद्यापर्यंत टाइल्स, सरकत्या काचांच्या खिडक्या, जाड दार. दारावर ग्रॅनाइटची पाटी: 'कै. विष्णुपंत गद्रे यांच्या स्मरणार्थ'. त्याखाली दुसरी पाटी: 'दार उघडे टाकू नये. जनावराला वारा लागतो.' आत माळ्यावर सुकं गवत, खाली लाकडाचा भुसा, आणि लघवीचा असा वास की दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी बाहेर येऊन सांगितलं, "ह्याला दमा आहे. आतली धूळ आणि कोंडलेली हवा त्याला सोसत नाही. हवेशीर जागी बांधा. गवत पाण्यात भिजवून द्या. भुसा काढून टाका. आठवडाभर मी औषध देते, पण ते नुसतं आधाराला."

पेंडशांनी डायरीत एक-एक ओळ नीट उतरवून घेतली. मग पेन वर करून म्हणाले, "हे झालं. आता उपचार सांगा."

"हाच उपचार!"

"तसं नाही हो मॅडम. कमिटीसमोर ठेवता येईल असा काहीतरी."

*

कमिटीसमोर काय गेलं ते मला आठवड्यानं कळलं. ठराव झाला होता: एप्रिलअखेर घोडा कामाला लागला नाही तर तो एका हिल स्टेशनवर पर्यटकांना फिरवणाऱ्याला देऊन टाकायचा.

दमेकरी घोडा! चढावर, दिवसभर फेऱ्या! त्यापेक्षा खाटीक परवडला, निदान एकदाच मारतो.

मी फोनवर पेंडशांना म्हटलं, "अहो, त्याला त्या खोलीतून नुसता बाहेर काढा. एवढंच करा."

"ते खरं आहे. पण गद्रेकाकांना काय वाटेल?"

"आणि तुफानला काय वाटतं?"

"त्याचा काही लेखी अर्ज आलेला नाही."

हे ते गंमत म्हणून बोलले असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. नंतर त्यांची ओळख वाढली तशी माझी खात्री कमी होत गेली.

*

क्लबची जमीन नाना-नानींची. वारजं खेडं होतं तेव्हापासूनचं त्यांचं घर तिथेच कुंपणाला लागून आहे. नानींचा तुफानवर जीव. भाकरीचा पहिला तुकडा त्याला.

मार्चमध्ये मी तपासायला गेले तर खोलीच्या दाराखालून धूर येत होता! मी पर्स टाकून धावले. दार उघडलं. आत शेगडी पेटलेली, निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची सालं, आणि नानी पदरानं धूर घोड्याच्या तोंडाकडे ढकलतायत. बाळ-बाळंतिणीला देतात तशी धुरी! खिडक्या अर्थातच बंद.

"नानी, अहो काय करताय? त्याला श्वास घेता येत नाहीये!"

"म्हनून तर देतीय, बाई. माझी चार लेकरं ह्याच धुरीवर वाढली. येकाला तरी दमा हाय का इचारा."

तेवढ्यात तुफानला अशी उबळ आली की त्याचे पुढचे पाय थरथरले. मला रडू यायचं बाकी होतं. नानींचा चेहरा मात्र उजळला.

"बगा! कफ सुटला!"

आता ह्यांच्यावर ओरडायचं कसं? शेगडी उचलून मी बाहेर ठेवली आणि नानींना ओसरीवर बसवून अर्धा तास समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि निघताना मला हळूच म्हणाल्या, "तुमचा बी आवाज बसल्याला वाटतोय. या आत, शेगडी अजून गरम हाय."

*

पालकांमध्ये अनिकेत नावाचा एक आयटीवाला आहे. तसा चांगला आहे, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचा आकडा लागतो. कोविडपासून घराघरात ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पडून आहे. अनिकेतनं आपलं घरचं आणलं आणि तुफानच्या कानाला लावलं.

घोड्याचा कान म्हणजे काय तुमचं बोट आहे? त्यातून केसाळ. मशीननं काहीच दाखवलं नाही. अनिकेतनं प्रामाणिकपणे क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: 'तुफान अपडेट. सॅच्युरेशन झीरो.'

पाच मिनिटांत पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली.

मग थांबतंय कोण! जेवणाच्या वेळेपर्यंत ग्रुपवर नुसते हात जोडलेले. एका आईनं तुफानचा फोटो हार घालून टाकला. कोणीतरी 'ईश्वर त्याच्या कुटुंबीयांना दुःख सहन करण्याची शक्ती देवो' असंही लिहिलं. मला सांत्वनाचे तीन फोन आले, त्यातल्या एकीला मी 'अहो, तो जिवंत आहे' म्हटलं तर ती म्हणाली, "हो हो, आपल्या मनात तो कायम असणार."

शेवटी मी सुदामला फोन केला. त्यानं तिकडून व्हिडिओ पाठवला. तुफान, तोंडात गवत, कॅमेऱ्याकडे बघतोय. खोकतोय, पण बघतोय. मी तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: 'कैलासवासी जेवत आहेत.'

मग पेंडशांचा मेसेज: 'आनंद झाला. तरी रविवारच्या बॅचला दुसरा घोडा गृहीत धरावा.'

*

एवढं झाल्यावर तरी काही हलेल ना? हललं. त्यांनी मतदान घेतलं!

खोटं नाही सांगत. ग्रुपवर पोल टाकला: तुफानवर कोणता उपचार करावा? एक, मॅडमचा सल्ला. दोन, होमिओपॅथी. तीन, आयुर्वेद. चार, थोडे दिवस वाट पाहू.

मी पाच वर्षं कॉलेजात, वर दोन वर्षं घोड्यांवर घातली, ती एका टिचकीच्या बरोबरीला आणून ठेवली. माझ्या नावापुढे सात मतं. 'वाट पाहू' प्रचंड बहुमतानं निवडून आलं. एका गृहस्थांनी तर चारही पर्यायांवर टिचकी मारलेली. मी त्यांना मुद्दाम फोन करून विचारलं, "हे काय हो?"

"मॅडम, कोणाचं मन दुखवायला नको."

ज्याचं फुफ्फुस दुखत होतं त्याला फोन नव्हता.

*

मग एक दिवस पेंडसे म्हणाले, "कमिटीला सेकंड ओपिनियन हवंय." मला वाटलं बरं झालं, दुसरा पशुवैद्य येईल, आम्ही दोघं मिळून ओरडू. आले कोण? छातीच्या विकारांचे मोठे डॉक्टर. माणसांचे! त्यांचा मुलगा शनिवारच्या बॅचला.

माणूस सज्जन होता. भलतीकडे आलोय हे त्यांनाही कळत होतं. पण सवय जाते कुठे? तुफानकडे बघत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सिगरेट?"

सुदाम म्हणाला, "आता नाय जी. नानीची शेगडी मॅडमनं बंद केली."

डॉक्टर त्या खोलीत गेले, एक शिंक दिली, बाहेर आले आणि म्हणाले, "अहो, ह्याला इथून बाहेर काढा. मोकळी हवा द्या. धूळ टाळा. दुसरं काय?"

कमिटीचे चेहरे बघायला हवे होते! "वा!" "काय निदान आहे!" "एका मिनिटात!" पेंडशांनी तर हस्तांदोलन केलं.

मी म्हटलं, "पेंडसे, हेच मी फेब्रुवारीपासून बोंबलतेय!"

"हो, पण मॅडम, हे डॉक्टर आहेत."

डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी माझ्याकडे बघून कान पकडले. आणि कमिटीनं काय केलं? इतिवृत्तात लिहिलं, 'तज्ज्ञांच्या मताची आदरपूर्वक नोंद घेण्यात आली.' नोंद घेतली, घोडा आतच. का? गद्रेकाकांना काय वाटेल!

*

एप्रिल लागला. मी दर चार दिवसांनी जात होते, औषध देत होते आणि मनातल्या मनात त्याचा निरोप घेत होते. आणि एका भेटीत बघते तर तुफानच्या कुशीवरची रेघ पुसट झालेली! श्वास मंदावलेला. खोकला एखादाच.

मी खोलीत गेले. खोली कोरडी, भुशावर लीद नाही, काही नाही. चार दिवसांत तिथे घोडा उभा राहिल्याची खूणच नाही. मागच्या कडुनिंबाखाली मात्र जमीन खुरांनी तुडवलेली, आणि शेजारी कोणाच्या तरी घरातून काढलेला जुना बाथटब. त्यात गवत भिजत घातलेलं.

मी सुदामकडे बघितलं. तो खराऱ्यातले केस काढत बसला होता.

"मॅडम, कमिटी यायच्या टायमाले मी त्याले आत नेतो," तो म्हणाला. "पाच मिंटं दम धरते बिचारा."

मी स्कूटर काढली आणि गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन एकटीच पोटभर हसले.

पंधरा दिवसांत सगळ्यांना फरक दिसला आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. नानी म्हणाल्या धुरी लागू पडली. आयुर्वेदवाल्यांनी गुळातून सितोपलादी चारली होती म्हणे, माझ्या नकळत. 'वाट पाहू' वाल्यांचं तर म्हणणंच खरं ठरलं! अनिकेतनं पुन्हा ऑक्सिमीटर लावलं. पुन्हा काहीच आलं नाही. ह्या वेळी त्यानं 'स्टेबल' असं लिहिलं.

*

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता मीटिंग. मलाही बोलावलं. नेमकं आदल्या दिवशी पेंडसे न सांगता क्लबवर गेले होते आणि घोडा झाडाखाली, बाथटबासह, रंगेहाथ सापडला होता!

व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या. पहिल्या रांगेत गद्रेकाका, पांढरा शर्ट, मांडीवर काठी. विषय दोन. एक, सुदामला विनापरवानगी घोडा हलवल्याबद्दल समज. दोन, घोडा आता बरा आहेच, तेव्हा त्याला सन्मानानं खोलीत परत नेणं.

आत गेला की महिन्याभरात पुन्हा रेघ, पुन्हा खोकला, आणि मग हिल स्टेशन. माझ्या डोळ्यांसमोर तो चढ दिसत होता.

"सुदाम, उभे राहा," पेंडसे म्हणाले. "कोणाला विचारून घोडा बाहेर बांधलात?"

"घोड्याले," सुदाम म्हणाला.

"काय?"

"त्यालेच इचारलं जी. दार उघडलं अन् दोर सोडला. म्हटलं, जाय बापा, कुठी जातं तं. तो सिधा त्या झाडाखाली येऊन उभा राह्यला."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पेंडशांना हे इतिवृत्तात कसं घ्यावं कळेना.

*

तेव्हा गद्रेकाका उठले. काठीवर भार देऊन, सावकाश.

"हसू नका," ते म्हणाले. "ती खोली मी नाव लावायला बांधलेली नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, दम्यानं गेले. शेवटची सहा वर्षं ते अंथरुणावर होते. मी त्यांना वाऱ्याची झुळूक लागू दिली नाही. खिडक्यांच्या फटींत मी स्वतः कापूस भरायचो. ऑफिसातून आलो की आधी फटी तपासायचो. जे आप्पांसाठी केलं तेच ह्या मुक्या प्राण्यासाठी केलं. आणि ह्या बाई म्हणतात ते चूक आहे!"

मी गप्प बसायला हवं होतं. वयानं मोठे, शिवाय वडिलांची आठवण. पण दोन महिन्यांचा राग साठला होता.

"काका, तुम्ही त्या खोलीत कधी बसलायत? दार लावून?"

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग शेजारची रिकामी खुर्ची उचलली आणि खोलीकडे चालायला लागले. दाराशी थांबून म्हणाले, "सुदाम, घोड्याला टाकायचास तसं गवत टाक. सुकं."

सुदामनं माळ्यावरून पेंढ्या ओढल्या, झटकून खाली टाकल्या. काका आत गेले, आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं.

आम्ही बाहेर. पेंडसे घड्याळ बघत होते. चहा आला होता, कोणी घेतला नाही. थोड्या वेळानं आतून खोकला ऐकू आला. मग थांबला. मग पुन्हा आला, जास्त. नानी उठल्या. "आवो, कुनीतरी दार उगडा की!"

"काकांनी सांगितल्याशिवाय कसं उघडणार?" पेंडसे म्हणाले.

मला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती. मी दाराकडे निघाले, तेवढ्यात ते आतून उघडलं. काका चौकटीला धरून उभे. डोळे लाल, पांढऱ्या शर्टावर धूळ. ते माझ्याकडे आले नाहीत. कडुनिंबाखाली तुफान उभा होता, तिथे गेले आणि बराच वेळ नुसते त्याच्या पोटाकडे बघत राहिले, खाली-वर, खाली-वर.

मग तिथूनच म्हणाले, "पेंडसे, ठराव लिहा. खोलीचं दार काढावं. खिडक्या काढाव्यात. पाटी इथे झाडाखाली लावावी."

पेंडशांनी लिहून घेतलं. सवयीनं विचारलं, "कारण काय लिहू?"

काकांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. हातातच धरून ठेवला.

"लिहा," ते म्हणाले, "आप्पा सहा वर्षं म्हणत होते, खिडकी उघड."